येळणे भाऊजींचा लाल बोर्ड

दर गुरुवारी सकाळी साडेनऊला माझ्या कॉम्प्युटरच्या गळ्यात लाल पत्र्याचा एक बोर्ड पडतो. त्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं आहे, 'माणसे काम करीत आहेत. हात लावू नये.' बोर्ड कोळशाच्या खाणीतला आहे, कॉम्प्युटर माझ्या नातीने टाकून दिलेला आहे, आणि काम करणारी माणसे म्हणजे एकटे येळणे भाऊजी.

हुडकेश्वरच्या आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, ते चार घरं सोडून राहतात, एकटेच. बायको गेली, मुलगी वैशाली नोकरीसाठी बंगळुरूला. सावनेरकडच्या एका खाणीत ते इलेक्ट्रिकचे फोरमन होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण त्यांच्या अंगातून खाण काही निघाली नाही. अजून पूर्ण बाह्यांचा खाकी शर्ट, कानावर पेन्सिल, खिशात टेस्टर, काखेत लांबट रजिस्टर. आणि आवाज असा, की बोगद्याच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाला ऐकू जावा. आमच्याकडे बोगदा म्हणजे माझी दहा बाय बाराची खोली. 'वहिनी, चहा चालते,' असं ते म्हणाले की समोरच्या घरातली सूनही आधण ठेवते.

नातीचा हा कॉम्प्युटर मी भंगारवाल्याला द्यायला काढला होता. भाऊजींनी तो फाटकातच अडवला. 'मेला नाही हा, वहिनी. याचं खाणं भारी झालं होतं, बस. याच्या आतलं जुनं सारं काढून मी याले लिनक्सवर आणतो. फुकट आहे, अन् आपल्याले विचारल्याशिवाय काही करत नाही.'

दुसरी गोष्ट अगदी खरी निघाली. तो विचारतो. उठता-बसता विचारतो. हे अपडेट आलं आहे, टाकू का? त्यासोबत ही चौदा पिल्लं येतील, चालेल का? पासवर्ड सांगा. परत सांगा. मला वाटायचं, सासूबाई परत आल्या.

म्हणून भाऊजींनी गुरुवार ठरवला. गुरुवारी ते येतात, बोर्ड लावतात, पडद्यावर एक काळी खिडकी उघडतात आणि तिच्यात अक्षरांच्या पांढऱ्या मुंग्या धावू लागतात. बोर्ड लागला की टेबलावरच्या कशालाही हात लावायचा नाही. मीही नाही, सुट्टीत आलेली नातही नाही. खाणीत म्हणे चालू कामाच्या वायरला कोणी हात लावला की माणूस जायचा. माझ्या टेबलावरून फार तर कॉम्प्युटरवरचा पत्त्यांचा डाव गेला असता. पण नियम म्हणजे नियम. ज्याने बोर्ड लावला त्यानेच तो काढायचा.

काढताना ते दोनच शब्द बोलतात. 'गॅस नाही.'

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी सिलिंडर पाहायला स्वयंपाकघरात गेले होते. मग त्यांनी समजावलं. खाणीत पाळी उतरण्याआधी एक जण दिवा घेऊन पुढे जातो. दिव्याची ज्योत बदलली तर आत वाईट हवा आहे, कोणी पाय टाकायचा नाही. ज्योत सरळ असली तर परत येऊन सांगायचं, गॅस नाही. मगच बाकीचे आत.

'आधी दिवा, मंग माणूस,' भाऊजी म्हणतात. हे वाक्य ते भाजी घेतानाही म्हणतात. एक वांगं चिरून पाहिल्याशिवाय पाव किलो घेत नाहीत.

आता माझं थोडं सांगते, कारण पुढे ते लागणार आहे. मी सरकारी कचेरीत टंकलेखिका होते. माझी बोटं चालायची तेव्हा साहेब कान देऊन ऐकायचे, अशी माझी त्या वेळी समजूत होती. पुढे कळलं की ते झोपायचे. पंचविशीतली मी म्हणजे मोठी शहाणी बाई. लग्नातला मिक्सर खराब होऊ नये म्हणून मी चार वर्षं खोक्यातून काढला नाही आणि पाट्यावर वाटून मनगट धरून बसले. घरातल्या प्रत्येक वस्तूला मी क्रोशाचं झाकण विणलं. रेडिओला झाकण, फोनला झाकण, झाकणाला धूळ लागू नये म्हणून त्यावर रुमाल. खोलीतून निघताना सगळी बटणं बंद करायची ही तर शपथच होती. त्यात एकदा पंख्याखाली झोपलेल्या नवऱ्याचाही पंखा बंद केला. आणि पोटात गोष्ट राहत नसे. कचेरीत मला 'दवंडी' म्हणत. मला वाटायचं कौतुकाने म्हणतात.

दवंडी आता वयाने बसली. झाकणं आणि बटणं तेवढी राहिली आहेत.

तर भाऊजी आणि त्यांचं लिनक्स. कॉम्प्युटरवर मला दोनच कामं असतात, टायपिंग आणि पत्ते. एकदा त्या पत्त्यांचं अपडेट आलं आणि भाऊजी सकाळपासून जेवणवेळेपर्यंत बसले. त्यांच्याशी बोलताना माझीही जीभ त्यांच्या वळणावर जाते.

'भाऊजी, एवढंसं ते पत्त्यांचं. त्याले इतका वेळ काहून लागून राहिला?'

'पत्ते नाही येऊन राहिले, वहिनी. पत्त्यांचं खटलं येऊन राहिलं. पत्त्याले चित्रवालं पाहिजे. चित्रवाल्याले अक्षरवालं पाहिजे. अन् अक्षरवालं म्हणते, मी या जुन्या घरात पाय ठेवत नाही.'

मला माझं लग्न आठवलं. भिवापूरला आमच्या दारी वरात आली तेव्हा नवरदेव एकच होता. पण नवरदेवाला मामा हवा, मामाला उशी हवी, उशीला धुतलेली खोळ हवी, आणि खोळ येईपर्यंत मामा पंगतीला बसेनात. लग्न लागलं ते खोळ वाळल्यावर.

'मग दुसरीकडून आणा न,' मी म्हटलं.

'तेच तं दुखणं आहे.' भाऊजींनी पेन्सिल कानावरून काढली. 'एकच वस्तू तीन जागी भेटते. एक आपल्या लिनक्सच्या स्टोअरात. भरवशाची, पण शिळी. दुसरी बंद डब्यातली. ते आपलं मीठ, मिरची, तवा, सिलिंडर, सारं संगं घेऊन येते. घरात सारं आहे रे बाबा म्हटलं तरी ऐकत नाही, अर्धं घर भरून टाकते. तिसरी म्हणते, मले साइटवरून उचला. उचलली, तं ठेवली कुठं हे ठेवणाऱ्यालेही याद नाही.'

'मग तुम्ही कोणती घेतली?'

'तिन्ही.'

तेव्हापासून माझ्याकडे एकाच पत्त्यांच्या खेळाची पडद्यावर तीन चित्रं आहेत. एकात मी सारखी हरते. दुसऱ्यात बरी खेळते. तिसरं उघडतच नाही, पण त्याचं अपडेट सगळ्यांत आधी येतं.

लेआउटमधल्या आणखी तिघांचे कॉम्प्युटर भाऊजींच्या देखरेखीखाली आहेत. पलीकडच्या गल्लीतल्या वैद्य मास्तरांचा प्रिंटर एका अपडेटने असा गेला की आता तो कागद फक्त आत घेतो. तरी कोणी भाऊजींना बोलत नाही. फुकट घरी येऊन एवढं करणारा माणूस कुठे मिळतो, असं आम्ही सगळे म्हणायचो. मी तर त्यांना दर गुरुवारी पोहे द्यायचे, वर माहेरच्या मिरचीचा ठेचा. हा माणूस दुसऱ्यासाठी जगतो, असं मी नातीला सांगितलं होतं.

परवाच्या हिवाळ्यातला एक गुरुवार. भाऊजी आले ते चहा न घेताच बसले.

'वहिनी, आज मुळापासून सारं बदलतो. घरच नवं बांधायचं आहे.'

'काय झालं?'

'व्हिडिओ कॉलचं जे आहे न, ते म्हणून राहिलं की जुनं रविवारपासून बंद. नवं टाका. अन् नवं म्हणते, मले जुन्या लिनक्सवर बसताच येत नाही.'

'पण मी नातीशी फोनवरच बोलते. कॉम्प्युटरवर कोण कॉल करते?'

'असू द्या. कामी येते.'

बोर्ड लागला. मुंग्या संध्याकाळपर्यंत धावल्या. नवं घर दिसायला सुरेख होतं. मराठी अक्षरं जागेवर, पत्ते तिन्ही जागेवर. भाऊजींनी एक गाणं लावलं. गाणाऱ्याचं तोंड हललं, आवाज आला नाही.

भाऊजींनी तीनदा लावलं. मग ते म्हणाले, 'गॅस आहे.' इतक्या हळू आवाजात, की समोरच्या सुनेलाही ऐकू गेलं नसेल. त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

'राहू द्या हो,' मी म्हटलं. 'मले कुठं मैफल ऐकायची आहे? मुकं तं मुकं.'

'नाही वहिनी. आवाज पाहिजेच. स्पीकरले कोणी हात लावला का?'

'तुमचा बोर्ड लागल्यापासून मी टेबलाजवळ फिरकले नाही,' मी छातीवर हात ठेवून सांगितलं. ते खरंच होतं.

शुक्रवार गेला. आवाजाचं पॅकेज काढलं, घातलं, जुनं आणलं, डब्यातलं आणलं. नव्याने जुन्याला घरात घेतलं नाही, जुन्याने नव्याला ओळख दाखवली नाही. शनिवारी भाऊजींनी पोह्यांनाही हात लावला नाही. दुपारी पेन ड्राइव्ह आणायला ते घरी गेले आणि रजिस्टर टेबलावर राहिलं.

बोर्ड तसाच होता, कशालाही हात लावू नये असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी रजिस्टर उघडलं.

डाव्या पानावर आम्ही होतो. 'गुरुवार. कुसुमवहिनी. अपडेट टाकले. शनिवारपर्यंत पाहणे.' 'वैद्य मास्तर. प्रिंटर गेला. आपल्याकडे टाकायचे नाही.' 'कुसुमवहिनी. दोन दिवस झाले, तक्रार नाही. शनिवारी रात्री आपल्याकडे टाकले.' पानामागून पान हेच. आपल्याकडे टाकले. आपल्याकडे टाकायचे नाही.

हळूहळू माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दिवा मी होते. तीन वर्षं हा माणूस मला पुढे धरून आत काय आहे ते पाहत होता, आणि मी त्याला वर ठेचा वाढत होते. वैद्य मास्तरांचा प्रिंटर तर सरळ कामी आला होता. गुरुवार का, तेही कळलं. मला वाटायचं, शुभ वार. शुक्रवार आणि शनिवार हाताशी राहावेत म्हणून गुरुवार होता.

मला चांगलाच राग आला. पंचविशीतली मी असते तर रजिस्टर घेऊन लेआउटभर फिरले असते. राग आला म्हणून मी उजवं पानही वाचलं.

उजव्या पानांवर फक्त रविवार होते, सकाळी अकराचे.

'रविवार ११. वैशू दिसली. आवाज साफ.'

'रविवार ११. वैशू दिसली. डोळ्याखाली काळे. झोप कमी आहे. विचारले नाही.'

'वैशू दिसली. केस कापले. चांगले दिसतात. सांगायचे राहिले.'

'दिसली नाही. ऑफिसची मीटिंग.'

'दिसली. तीन मिनिटे.'

'दिसली. हसली.'

मी रजिस्टर होतं तसं ठेवलं. पण होतं तसं ठेवायला मला कधीच जमलं नाही. भाऊजी आले, त्यांनी रजिस्टर पाहिलं, मग मला पाहिलं.

'वाचलं तुम्ही.'

'वाचलं.'

ते स्टुलावर बसले. 'तुमच्यावर दिवा केला मी, वहिनी. माफी असावी.'

'विझू तं नाही दिला न,' मी म्हटलं. 'पण मले एक सांगा. ते बटणांच्या फोनचं खोकं आहे न तुमच्या खिशात, त्यावर काहून नाही बोलत तिच्याशी? नाही तं माझा फोन घ्या. त्यात दिसते.'

'त्या इवल्या चौकटीत ती पासपोर्टच्या फोटोएवढी दिसते. माझी नजर तुम्हाले माहीत आहे. अन् नुसत्या आवाजावर वैशू मले नेहमी सांगते, बाबा, मी मस्त आहे.' त्यांनी पेन्सिल फिरवली. 'मोठ्या पडद्यावर मले दिसते, मस्त आहे का नाही ते. उद्या आमचं जुनं बंद होणार, अन् तुमचं नवं मुकं आहे. आता उद्याचं काय करू, ते सुचून नाही राहिलं.'

'उद्या इथंच या,' मी म्हटलं. 'मुकं तं मुकं. दिसेल तरी.'

रविवारी पावणेअकराला ते आले. खाकी शर्टाला इस्त्री होती. मी पोह्यांची बशी त्यांच्या पुढ्यात ठेवली. बरोबर अकराला पडदा उजळला आणि वैशाली दिसली. छान मुलगी आहे, बापाचंच नाक. ती बोलू लागली, आम्हाला काही ऐकू येईना. भाऊजी माझ्याकडे वळून म्हणाले, 'पाहा, तोंड हलून राहिलं फक्त.'

'किती वाळली हो ही,' मी म्हटलं. 'अन् कुर्ता कोणता घातला, पडद्याचं कापड वाटते.'

वैशाली पडद्यावर पोट धरून हसू लागली. मुका स्पीकर होता, माइक नव्हे; आमचं तिला सगळं ऐकू जात होतं.

तेवढ्यात भाऊजींच्या खिशातला फोन वाजला. ते बटणांचं खोकं कानाला लावलं, आणि मोठा पडदा आणि छोटा फोन मिळून वैशाली पूर्ण झाली. फक्त आवाज आधी यायचा आणि चेहरा थोडा मागून. ती बोलून झाल्यावर ओठ हलायचे. विनोद कानात संपला की मग पडद्यावर हसू यायचं, म्हणून भाऊजी प्रत्येक गोष्टीवर दोनदा हसत होते.

'बाबा, कोणाच्या घरी आहात?' फोनचा आवाज इतका मोठा होता की मलाही स्पष्ट ऐकू येत होतं.

'कुसुमवहिनींच्या.'

'पोहे खाऊन राहिले न? खा. सोबत माणूस आहे, छान वाटलं पाहून.' पडद्यावरचा चेहरा जवळ आला. 'तुम्ही वाळले, बाबा. मले दिसते इथून.'

भाऊजींनी शर्टाची कॉलर सारखी केली. त्यांना वाटत होतं, पाहणारे एकटे तेच आहेत.

'मी मस्त आहे,' ते म्हणाले.

त्या दिवशी कॉल चाळीस मिनिटं चालला. तीन डाव झाले असते माझे.

सोमवारी सकाळी मी नियम मोडला. बोर्ड तसाच लटकत होता, पण धूळ मला पाहवेना. स्पीकरवर मी विणलेलं क्रोशाचं झाकण उचललं. स्पीकरचा लाल दिवा लागलेला नव्हता. मी भिंतीवरच्या बटणाकडे पाहिलं. बंद. बुधवारी संध्याकाळी, डाव संपल्यावर, सवयीने मीच बंद केलेलं. गुरुवारी बोर्ड लागला, आणि मग त्या बटणाला हात लावायची कोणाचीच हिंमत झाली नाही. एकतीस वर्षं इलेक्ट्रिकचे फोरमन असलेल्या माणसाचीसुद्धा.

बटण दाबलं. गुरुवारचं ते गाणं एकदम सुरू झालं.

मी भाऊजींना बोलावलं आणि सगळं कबूल केलं. त्यांनी बराच वेळ बटणाकडे पाहिलं, झाकणाकडे पाहिलं. मग रजिस्टर उघडून डाव्या पानावर लिहिलं, 'कारण: बटण बंद. चूक: बोर्ड लावण्याआधी तपासणी केली नाही. जबाबदार: श. येळणे.' माझं नाव कुठेही घातलं नाही. बोर्ड काढला आणि बोगद्याच्या आवाजात म्हणाले, 'गॅस नाही.' समोरची सून बाहेर येऊन पाहून गेली.

मंगळवारी त्यांनी आपल्या घरचंही नवं केलं. संध्याकाळी मी रजिस्टर पाहायला म्हणून नाही, ठेचा द्यायला गेले होते. त्यांचं गाणं फाटकापर्यंत ऐकू येत होतं. चित्र साफ, आवाज साफ, कशात काही कमी नाही.

पुढच्या रविवारी पावणेअकराला माझं फाटक वाजलं. इस्त्रीचा खाकी शर्ट. काखेत रजिस्टर.

'वहिनी, आमच्या मशीनवर आवाज नाही येऊन राहिला.'

'अरे देवा. बटण पाहिलं का, भाऊजी? भिंतीवरचं?'

ते चपला काढण्यात गुंतले. एक चप्पल बऱ्याच वेळाने निघाली.

'बोर्ड लागला आहे न त्यावर,' ते म्हणाले. 'हात नाही लावता येत.'

मी त्यांच्यासाठी खुर्ची पडद्यासमोर सरकवली आणि माझी तिच्या बाजूला. स्पीकरवरचं झाकण काढलं, बटण लावलं.

'राहू द्या मग,' मी म्हटलं. 'नियम म्हणजे नियम.'